सात गाठींची पुरचुंडी

इन्शिराह धीट बाई आहे असं इजिप्तमधलं आमचं अख्खं महल्ला शहर म्हणतं. म्हणू दे बापडं. चष्मा कपाळावर चढवून, कमरेवर हात ठेवून ती एखाद्या नवरीच्या आईला "बाई, हे सगळं आधी खाली उतरवा, मग मला विचारा" असं सुनावते तेव्हा कुणालाही तसंच वाटेल. पण मी तिची शेजारीण. एकोणीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतेय, आणि माझा नवरा गेल्यापासून आठ वर्षं तिच्याबरोबर कामावर जातेय. तेव्हा मला विचारा. इतकी भित्री बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. तिच्या संगतीनं मीही तशीच झाले, ते सोडा.

आमचं काम नवरीचं कपाट लावायचं. लग्नाला तीन-चार दिवस उरले की नवरीचं सामान गाड्या भरभरून, हॉर्न वाजवत नवऱ्याच्या घरी जातं. ते कपाटात लागलं की सासरच्या बायका बघायला येतात, आणि बघायला म्हणजे नुसतं बघायला नव्हे. खण ओढतात, घड्या उलगडतात, कोपऱ्यात बोट फिरवतात. पूर्वी हे लावायचं काम मावश्या-आत्या करायच्या. आता सामान इतकं वाढलंय की त्यांचं डोकंच चालत नाही. पन्नास टॉवेल, चाळीस चादरी, आठ ब्लँकेटं, म्हातारपणापर्यंत पुरतील इतके स्वेटर, आणि झोपायची खोली बघाल तर पलंग ठेवल्यावर कपाटाची दोन दारं धड उघडत नाहीत. आयांना वाटतं, जास्त दिलं म्हणजे लेक सुखात राहील. पण ठेवायचं कुठं, माझ्या डोक्यावर?

इन्शिराह अशा खोलीत शिरली की आधी चकार शब्द बोलत नाही. एकेक दार उघडून बघते, कुठलं पलंगाला आपटतं ते बघते, फळीवर हात आडवा टाकून कोपरापासून बोटांपर्यंत मोजते. अर्धवट उघडणाऱ्या दारामागं वर्षातून एकदा लागणारं सामान. रोजचं सगळं छातीच्या उंचीवर. टॉवेल एकावर एक रचायचे नाहीत, गुंडाळून उभे ठेवायचे, म्हणजे मधला ओढला तरी बाकीचे ढासळत नाहीत. बुटांच्या खोक्यांची झाकणं काढली की तेच छोटे खण. ब्लँकेटं प्रवासाच्या बॅगेत. लांब कपडे एकीकडे, आखूड दुसरीकडे, म्हणजे आखूड कपड्यांखाली आणखी एक फळी बसते. आणि हे सगळं मावल्यावरही ती प्रत्येक फळीवर मूठभर जागा मोकळी सोडते. "जिथं हात पोचत नाही तिथं काही ठेवू नका गं," असं ती प्रत्येक मुलीला सांगते. "तिथं काय बसलंय ते कळत नाही."

मुलींना वाटतं मावशी धुळीबद्दल बोलतेय. घडी घालण्याआधी ती प्रत्येक कपडा तीनदा झटकते, उलटा करते, शिवणीवरून अंगठा फिरवते, उशांचे कोपरे चिमटीत दाबून बघते. गिऱ्हाइकं म्हणतात, काय नेटकं काम! नेटकं कसलं डोंबलाचं. बाई करणी शोधत असते.

हसू नका. अकरा वर्षांपूर्वी तिला सापडली होती.

तेव्हा ती हा धंदा करत नव्हती. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायच्या कामावर होती. तिच्या एकुलत्या एका मुलीचं, रीहामचं, लग्न ठरलं होतं आणि कपाट लावायला थोरली बहीण नबविया आली होती. दोघी बहिणी एका ताटात जेवणाऱ्या. इन्शिराहचा नवरा लग्नानंतर सहाव्याच वर्षी कारखान्यात कोसळून गेला, तेव्हा ही कामावर जायची आणि छोटी रीहाम दिवसभर नबवियाकडं असायची. अशी माया. तर कपाट लागलं, नवऱ्याकडच्या बायका आल्या, त्यातल्या एकीनं चादर झटकली आणि तिच्यातून पुरचुंडी खाली पडली. पिवळ्या फ्लॅनेलचा तुकडा, दोऱ्याला सात गाठी, आत केस. केस! इन्शिराहनं किंकाळी फोडली. नबविया पांढरीफटक पडली आणि म्हणाली, "मी ठेवलीय गं. रक्षणासाठी ठेवलीय. आपली आई ठेवायची, तुझ्याही लग्नात ठेवली होती. जिच्यासाठी ठेवायची तिला सांगायचं नसतं, म्हणून बोलले नाही."

झालं! "माझ्याही कपाटात होती? म्हणजे माझा माणूस त्यानं मेला!" असं ओरडत इन्शिराहनं ती पुरचुंडी बहिणीच्या तोंडावर फेकली. आणि लपवत नाही, खरं सांगते, "करणी! करणी!" असं त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यांदा मीच ओरडले. मला कुणी सांगितलं होतं मध्ये नाक खुपसायला? पण ओरडले.

नवऱ्याकडच्या बायका चपला घालून गेल्या त्या गेल्याच. लग्न मोडलं. पुढं रीहामला जिथून जिथून विचारणा व्हायची तिथं आठवडाभरात ती गोष्ट जाऊन पोचायची. ती आता पस्तीस वर्षांची आहे, औषधांच्या दुकानात काम करते. शांत मुलगी, कधी आवाज नाही. तिचं लग्नाचं सामान परत आलं आणि इन्शिराहच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात तसंच कोंबलं गेलं, गठ्ठेच्या गठ्ठे. वर कुलूप, आणि चावी इन्शिराहच्या गळ्यात. सगळ्या शहराची कपाटं लावणारी ही बाई आणि तिची लेक, दोघींचे कपडे मात्र पलंगाखाली खोक्यांत. मी एकदा म्हटलं, "अगं, अख्खं कपाट अडवून बसलीस, ते सामान देऊन तरी टाक कुणाला." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी चहाचा पेला अर्धाच ठेवून घरी आले.

यंदा रमजानच्या आधी लग्नांची नुसती झुंबड उडाली होती. त्यात एक दिवस फोन आला. नबवियाची मुलगी, शाहंदा. मी तिथंच होते, पोरीचा आवाज फोनच्या बाहेर येत होता. "मावशी, माझं कपाट तूच लावायचंस. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर मी लग्नाला उभीच राहणार नाही, सांगून ठेवते!"

फोन ठेवला आणि इन्शिराह मटकन खाली बसली. "मी नाही जाणार. अवातिफ, तूच सांग. माझा हात लागलेल्या कपाटात काही निघालं तर? लोक म्हणतील, अकरा वर्षांनी हिनं डाव साधला. आणि नबवियानंच माझ्यासाठी काही करून ठेवलं असेल तर?"

"नको जाऊस," मी लगेच म्हटलं. मलाही घाम फुटला होता.

रीहाम दुकानात जायला निघाली होती. दारातच थांबली आणि म्हणाली, "जा, आई." एवढंच. तिनं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून असेल, इन्शिराह गेली. आणि ती गेली म्हणजे मीही आलेच.

नवऱ्याचं घर सासूच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. सासू हज्जा फिक्रिया, हजला जाऊन आलेली, तळमजल्यावर राहते. ही काय चीज आहे ते सांगते. थोरल्या मुलाचं लग्न हिनं चार दिवसांवर आलेलं मोडलं. कशावरून? नवरीच्या पेल्यांच्या संचात एक पेला तडकलेला निघाला, म्हणाली अपशकून. धाकट्याला, या हैथमला, शाहंदा आवडली होती म्हणून ती कशीबशी राजी झाली होती. दुपारच्या दुसऱ्या नमाजानंतर आपल्या दोन बहिणींना घेऊन बघायला येते, असा तिचा निरोप आला होता. शाहंदा आम्हाला जिन्यात घ्यायला आली तेव्हा हसत होती, पण नखं कुरतडून कुरतडून बोटं लाल झाली होती. "मावशी, काही चुकलं तर ती हे लग्न मोडेल," ती म्हणाली. "हैथम काही बोलणार नाही आईसमोर. बोललाच नाही कधी."

दार नबवियानं उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. अकरा वर्षांनी समोरासमोर आल्या दोघी, आणि ती काय म्हणाली? "या. कपाट आत आहे." परक्या बाईला म्हणावं तसं. मग स्वयंपाकघरात जाऊन द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसली. मला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं.

आम्ही कामाला लागलो. सहा दारांचं कपाट, त्यातली शेवटची दोन दारं पलंगाला आपटून वीतभरच उघडणारी. इन्शिराह नेहमीपेक्षा हळू काम करत होती. तीनदा झटकायचं ते पाच पाच वेळा झटकत होती. प्रत्येक शिवण, प्रत्येक बटण. तोंडानं कुराणातल्या आयती पुटपुटत होती. मी टॉवेल गुंडाळत होते आणि माझं सगळं लक्ष तिच्या बोटांकडं. एका उशीचा कोपरा तिला टणक लागला, तेव्हा माझा टॉवेल अर्धाच गुंडाळून राहिला. निघाली कापसाची गाठ. दोघी एकमेकींकडं बघून खोटं खोटं हसलो.

तीन तासांत सगळं मावलं. चाळीस चादरी मावल्या, स्वेटर मावले, वरच्या फळीवर मूठभर जागाही उरली. शाहंदा टाळ्या वाजवत आईला सांगायला गेली. इन्शिराह म्हणाली, "ते शेवटचं दार राहिलं. खालचा कोपरा." मी म्हटलं, "राहू दे गं, तिथं हात जात नाही." त्यावर ती जमिनीवर पालथी झोपली, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि चाचपडायला लागली.

मग थांबली.

मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. तिनं हळूच हात बाहेर काढला. मुठीत निळ्या ठिपक्यांच्या फ्लॅनेलची पुरचुंडी. वर दोरा. मी गाठी मोजल्या नाहीत, मोजायची गरजच नव्हती.

"फेक!" मी म्हटलं. "खिडकीतून फेक, इन्शिराह!"

"खाली त्यांचं अंगण आहे."

"मग मिठाच्या पाण्यात बुडव. उघडू नकोस, अल्लाची शपथ आहे तुला, उघडू नकोस! जो उघडतो त्याच्यावर उलटते." शाहंदाचं लग्न गेलं, हेच डोळ्यांपुढं येत होतं. हज्जा फिक्रियानं तडकलेल्या पेल्यावरून लग्न मोडलेलं. ही तर करणी. आणि नाव कुणाचं येणार? कपाटातल्या प्रत्येक कपड्याला हात कुणाचा लागला होता? आमचा. पुन्हा या शहरात कुणी आम्हाला दारात उभं केलं असतं का?

तेवढ्यात खालून जिन्यात चपलांचा आवाज यायला लागला. एक काठी, तीन बायका. हज्जा फिक्रियाचा आवाज घुमत होता, "हळू चढा गं, माझे गुडघे काय विकत मिळतात?"

इन्शिराहला तो आवाज ऐकूच गेला नसावा. ती त्या कापडाकडं बघत होती. "हे झबलं मी शिवलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"शाहंदाचं. जन्मल्यावर सातव्या दिवशी घालतात ते. या ठिपक्यांचं कापड मी कारखान्याजवळच्या दुकानातून आणलं होतं. हे ताईच्या पेटीत असायचं. तिच्याशिवाय कुणाकडं नव्हतं." आणि मग ती माझ्याकडं बघून अगदी हळू आवाजात म्हणाली, "अवातिफ, स्वतःच्या पोटच्या पोरीवर कोण करणी करतं गं?"

तिनं गाठी सोडायला सुरुवात केली. मी भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. डोळे उघडले तर तिच्या तळहातावर चिमूटभर कलौंजी होती, तुरटीचा खडा होता, आणि तान्ह्या पोराच्या जावळाची बारीकशी बट. भुरी, मऊ.

"पिवळंसुद्धा झबलंच होतं," इन्शिराह म्हणाली. "रीहामचं. ताईकडं राहायची ना ती, तिथंच राहिलं असेल. मी ओळखलं होतं, अवातिफ. त्या दिवशीच ओळखलं होतं. मला वाटलं, करणीसाठी चोरलं." तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. करणीला ती इतकी वर्षं भीत होती, पण तशी भीती मी तिच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती.

"नंतर! नंतर रड!" मी तिचा खांदा धरून हलवला. "ते लपव आधी!"

उशीर झाला होता. हज्जा फिक्रिया दारात उभी होती, मागं दोन बहिणी, त्यांच्यामागं शाहंदा, आणि सगळ्यांच्या मागं नबविया, हातात सरबताचं तबक. हज्जेची नजर थेट इन्शिराहच्या तळहातावर. "काय आहे ते?"

नबवियाचा चेहरा मला दिसला. पांढराफटक, अगदी अकरा वर्षांपूर्वीसारखा. तबकातले पेले किणकिण वाजायला लागले.

"केस आहेत ते!" एक बहीण ओरडली. "फिक्रिया, मागं हो! करणी आहे!"

"कुणी ठेवली?" हज्जेनं काठी फरशीवर आपटली. "या कपाटात कुणी ठेवली? बोला!"

शाहंदा आईकडं बघायला लागली. नबवियाचे ओठ हलले, पण तेवढ्यात इन्शिराह उभी राहिली.

"मी ठेवली," ती म्हणाली. "माझी आहे. आमच्या आईची रीत आहे, हज्जा. मुलीचं जावळ, कलौंजी आणि तुरटी. नजर लागू नये म्हणून. जिच्यासाठी ठेवायची तिला सांगायचं नसतं. आता तुम्ही बघितलंत, तर बघितलंत."

"आणि मी यावर विश्वास ठेवायचा?"

इन्शिराहनं तळहातावरची कलौंजी तोंडात टाकली. माझ्यासमोर, सगळ्यांसमोर. चावली. तिचा हात इतका थरथरत होता की चार दाणे फरशीवर पडले, तेही तिनं वाकून उचलले आणि खाल्ले. "करणी असेल तर मला लागू दे," ती म्हणाली. ती भीत होती हो. मनातून अजूनही भीत होती, मला कळत होतं. तरी चावत होती.

मग मला काय झालं कुणास ठाऊक. कदाचित अकरा वर्षांपूर्वीचा माझाच आवाज कानात आला. मी पुढं झाले आणि म्हटलं, "दे गं मला पण." तिच्या हाताला चिकटलेले उरलेसुरले दाणे मी खाल्ले. मला कलौंजी मुळीच आवडत नाही. जिभेवर कडू झालं, आणि मी वाट बघत राहिले, आता काय होतंय म्हणून.

हज्जा फिक्रियानं आधी माझं, मग इन्शिराहचं तोंड निरखलं. मग पुढं आली, इन्शिराहचा हात धरून वास घेतला, तुरटीचा खडा नखानं खरवडला. "मीठ नाही घातलंत?" ती म्हणाली. "माझी सासू मीठ घालायची. उशीत शिवायची मेली. मला दहा वर्षांनी सापडलं, कापूस बदलताना." मग कपाटाकडं वळून म्हणाली, "आणि हे टॉवेल असे पोलिसांसारखे उभे का केलेत?"

शाहंदा रडायलाच लागली. हज्जेच्या बहिणींपैकी एकीनं लग्नात देतात तशी आनंदाची किलकारी दिली, मग दुसरीनं, आणि जरा वेळानं मीही दिली. माझी नीट निघालीच नाही.

हज्जा आणि तिच्या बहिणी खाली गेल्यावर इन्शिराह स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. नबविया पातेल्यावर झाकण ठेवत होती. "ताई," इन्शिराह म्हणाली.

नबवियानं वळून बघितलं नाही. "आज स्वतःच्या तोंडात टाकलीस," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्या तोंडावर फेकली होतीस." मग डोळे पुसून तिनं एका डब्यात गुंडाळलेली पानं भरली, वर लिंबू ठेवलं. "रीहामला दे. तिला गरम आवडतात." डबा देताना तिनं बहिणीची बोटं धरली ती मात्र बराच वेळ सोडली नाहीत.

परतताना इन्शिराह रस्त्यात तीनदा थांबली. कारखाना सुटला होता, माणसं आम्हाला धक्के देत जात होती. "मी तिला काय सांगू?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "इतकी वर्षं मी म्हणत आले, मावशीनं तुझा संसार मोडला. आता काय सांगू? मीच मोडला म्हणून सांगू? नको, अवातिफ. मला घरी जायचं नाही. तुझ्याकडं नेतेस का मला?"

मी म्हटलं, "नेते, पण भिंत एकच आहे आपली." तिचा दंड धरला आणि तिला जिना चढवला.

रीहाम नुकतीच दुकानातून आली होती. इन्शिराहनं डबा टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. झबलं, जावळ, कलौंजी. शेवटी गळ्यातली चावी काढून हातात घेतली आणि म्हणाली, "तुझं लग्न मी मोडलं, रीहाम. करणी नव्हती ती. मी ओरडले म्हणून मोडलं."

रीहामनं डबा उघडला. "मला माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

"लग्न मोडलं त्याच आठवड्यात मावशी माझ्याकडं आली होती. सगळं सांगून गेली. माझ्या झबल्याचा उरलेला तुकडासुद्धा दाखवला."

मलाच राहवलं नाही. "अगं बये, मग अकरा वर्षं गप्प का बसलीस? मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं!"

"आईला सांगितलं असतं तर ती जगली असती का, अवातिफ मावशी?" रीहाम म्हणाली. "करणीची भीती वाटत होती तोवर ती रोज उठून कामाला तरी जात होती."

इन्शिराह पलंगावर बसली. चावी मुठीत. "मग आता का? शाहंदाला फोन करायला तूच सांगितलंस ना? आता का सांगितलंस?"

रीहामनं पलंगाखालचं आपलं खोकं ओढलं. त्यात तिचे चार-पाच सदरे, दोन स्कार्फ, अकरा वर्षांच्या घड्यांनी चुरगळलेले. "मी पस्तीस वर्षांची झाले, आई," ती म्हणाली. "मला माझे कपडे ठेवायला जागा हवीय."

कुलूप गंजलं होतं. चावी मला फिरवावी लागली, कारण इन्शिराहची बोटं ऐकत नव्हती. दार उघडलं तशी वरची चादर घसरून तिच्या मांडीत पडली. गुलाबी, कडेला लेस, रीहामच्या नावाचं पहिलं अक्षर भरलेलं. इन्शिराहनं ती दोन्ही हातांनी उचलली, झटकायला हात वर गेले, आणि तसेच खाली आले. तिनं चादर न झटकताच घडी घातली आणि मुलीला विचारलं, "तुझं रोजचं काय काय आहे? ते आधी काढ. छातीच्या उंचीवर ठेवू."